कंपूची पलटण कोणत्या पवित्र्यात उभी करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले, चाळिशीत आलेले. उद्यमनगरात फौंड्रीसाठी पॅटर्न करण्याचं काम करतात. तिघा मित्रांसोबत सवडीच्या रविवारी ऐतिहासिक लढायांचा वॉरगेम खेळतात. प्लायवूडचं टेबल, त्यावर नद्या आणि टेकड्या, मोजपट्टी, फासे आणि २८ मिमी उंचीचे रंगवलेले सैनिक. आता असईची लढाई मांडायचं ठरलं आहे. एका मित्राने इंग्रजांची बाजू घेतली, यांनी शिंद्यांच्या कवायती पायदळाची, म्हणजे कंपूची. चार पलटणी, प्रत्येकीत २४ सैनिक. साठवलेले पैसे एकाच ऑर्डरीत जाणार, माल परदेशातून येणार, कस्टमही भरावं लागणार. आवडलं नाही तर परत पाठवण्याची सोय नाही.

अडचण पोझची आहे. एक मित्र म्हणतो, "सगळे खांद्यावर बंदूक घेऊन चालणारेच घे, उगं नाटक नको." पुतण्या म्हणतो, "काका, मग सगळी एका छापाची दिसणार की! प्रत्येकजण वेगळा पायजे." यांचा स्वतःचा ओढा संगीन रोखून धावणाऱ्या सैनिकांकडे आहे. तसे बारा सैनिक एका ओळखीच्याने दिले होते, ते रंगवूनही झाले आहेत. पत्राच्या शेवटी ते लिहितात: "समोरून इंग्रज संगिनी रोखून येणार आणि आपली माणसं नुसती खांद्याला बंदूक लावून उभी? बघणाऱ्याला वाटेल, आपल्यांना लढायचंच नव्हतं. हे मनाला पटत नाही."

*

नमस्कार,

तुम्ही विचारलंय पोझबद्दल, पण तुमची खरी बोचणी शेवटच्या तीन वाक्यांत आहे. टेबलावर आपली माणसं उणी दिसू नयेत, असं तुम्हाला वाटतं. हे वाटणं मला मनापासून पटतं. हातभर टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडताना त्या माणसांच्या मानापमानाचा विचार येत असेल, तर तो खेळ चांगल्या हातांत आहे असं मी समजते. म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. ऑर्डरीचा हिशेब त्यातूनच निघेल.

जो धावतोय तो लढतोय आणि जो उभा आहे तो लढत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पडद्यावरच्या लढाया आणि मिरवणुकीतले चित्ररथ पाहून हे आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत बसलंय. असईला काय झालं ते मात्र एकदा नीट आठवून पाहा.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज उभी होती. तोंड दक्षिणेला, समोर केळणेचं पात्र. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने समोरून येण्याचं टाळलं. तो पूर्वेकडे सरकला आणि पिंपळगावापाशी उतार गाठून नदी ओलांडू लागला. म्हणजे तो आता मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर येणार होता. इतकं मोठं पायदळ तोफांसकट वेळेत तोंड फिरवू शकणार नाही, हा त्याचा हिशेब. तो चुकला. शिंद्यांच्या चाकरीतला जर्मन अधिकारी पोलमन याच्या हाताखालच्या दहा हजारांवर पायदळाने आपली आख्खी रांग काटकोनात फिरवली आणि दोन नद्यांच्या मध्ये, पूर्वेला तोंड करून, तोफा पुढे घेऊन ती पुन्हा नीट उभी राहिली.

शाळेच्या मैदानावर पंधरा मुलांची रांग वळवून पाहिली असेल, तर हे काम किती अवघड आहे ते तुम्हाला कळेल. आतल्या टोकाच्या माणसाने जागच्या जागी पावलं टाकायची, बाहेरच्या टोकाच्याने लांब ढांगा टाकायच्या, आणि मधल्या कोणीही रांग तुटू द्यायची नाही. इथे तर समोरून शत्रू नदी उतरून येत होता आणि शंभराच्या आसपास तोफा हलवायच्या होत्या. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून डी बॉइन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हातून जे कंपू उभे केले, त्यांची खरी ताकद ही होती. धावत सुटलेल्या जमावाला हे जमत नाही. खांद्याला बंदूक लावून, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर टेकवून, हुकूम येईपर्यंत जागा न सोडणाऱ्या माणसालाच जमतं.

त्या रांगेने आणि तिच्यापुढच्या तोफांनी वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मृत आणि जखमी केले. पहिली जागा सुटल्यावरही कंपूंनी जुईला पाठ देऊन पुन्हा रांग धरली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती या प्रश्नाला असईचं नाव घेत असे. समोरचं पायदळ कच्चं असतं तर त्याने ते घेतलं नसतं.

म्हणून पलटणीचे सगळे सैनिक तुम्ही संगीन रोखून धावताना उभे केले, तर तुमच्या नकळत एक चुकीचं विधान टेबलावर मांडलं जाईल: इंग्रज शिस्तीचे आणि आपले आवेशाचे. आपल्या फौजांबद्दल हेच विधान परक्यांनी पुष्कळ वेळा केलंय. तुमच्या चार पलटणी ते खोडून काढू शकतात, आणि त्यासाठी त्यांनी ताठ उभं राहायला हवं. मराठी कवायती पायदळाची पोझ निवडताना माझी पहिली आणि जवळजवळ एकमेव अट हीच असते.

आता तुमच्या मित्राकडे येते. तो सांगतोय ते बरोबर आहे, पण "नाटक नको" हे त्यामागचं कारण अपुरं आहे. खेळाच्या एका दिवसात तुमची पलटण स्तंभात चालेल, रांगेत पसरेल, थांबून फैरी झाडेल, मार खाईल, मागे येईल. खांद्याला बंदूक लावलेला सैनिक यातल्या प्रत्येक क्षणी खपून जातो. नेम धरलेला सैनिक एकाच क्षणी बरोबर दिसतो आणि उरलेला वेळ तो रस्त्याने चालता चालता कुणावर तरी नेम धरून असतो. गुडघा टेकलेल्याचं तर विचारूच नका. पहिल्या रांगेत गुडघा टेकून आणि मागच्या रांगेत उभं राहून गोळीबार करणारी पलटण फोटोत सुरेख दिसते, पण तिला टेबलावर दोन फूट पुढे सरकवलं की डोळ्यांना खुपू लागतं.

पुतण्याचं म्हणणंही टाकून देण्यासारखं नाही. त्याला जिवंतपणा हवाय आणि तो हवाच. फक्त तो जिवंतपणा एकेका सैनिकात शोधतोय. टेबलाशी उभं राहिल्यावर आपण तीन-चार फुटांवरून पाहतो. तिथून पहिल्यांदा दिसते ती पलटण: बंदुकांच्या नळ्यांची एकसारखी तिरकी रेघ, संगिनींची टोकं, मध्ये वर आलेलं निशाण. चोवीस जणांना चोवीस पोझ दिल्यात तर ही रेघच विरते आणि उरते ती नुसती गर्दी. रेघ कायम ठेवून तिच्यात बारीक फरक घाला. एखाद्याची मान निशाणाकडे वळलेली, एखाद्याची शेजाऱ्याकडे. एकाचं पागोटं किंचित मागे सरकलेलं, कातडीच्या दोन-तीन छटा, कुठे पांढऱ्या मिशा. डोकी वेगळी मिळणारे सैनिक घेतलेत तर मान फिरवणं अगदी सोपं. एकसंध ओतलेल्यांमध्ये रंगांवरच काम भागवावं लागेल, आणि ते भागतं. पुतण्याला या कामावरच बसवा. चोवीस चेहरे वेगवेगळे रंगवायला सांगितलेत तर त्याचा आक्षेप त्याच्याच हातून निघून जाईल.

एका गोष्टीत मात्र फरक चालणार नाही, आणि ती म्हणजे पाय. कवायती पायदळ एका तालात पाऊल टाकत होतं. चालणारे सैनिक घेताना सगळ्यांचा एकच पाय पुढे आहे का, ते कॅटलॉगमधल्या फोटोत आधी पाहा. एकाच पाकिटात दोघांचा डावा आणि दोघांचा उजवा पुढे असेल, तर एकेका रांगेत एकाच प्रकारचे लावा. बंदुकीचा खांदाही एक हवा. युरोपीय पद्धतीच्या कवायतीत बंदूक डाव्या खांद्यावर असायची. दोन खांद्यांची सरमिसळ झाली की शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या संगिनी एकमेकींत अडकतात, आणि ते दिसायलाही वाईट दिसतं.

आता तुमच्या व्यवसायातल्या गोष्टी. हा भाग मी तुम्हाला काय सांगणार, तुम्हीच मला शिकवाल. तरी इतर वाचकांसाठी लिहिते. धातूचे छोटे सैनिक बहुतेक वेळा रबराच्या दोन भागांच्या गोल साच्यात, साचा गरगर फिरवून ओतलेले असतात. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ, सैनिकाच्या कडेने जाते. बंदूक अंगालगत असली की ओतकाम स्वच्छ येतं. हात आणि बंदूक थेट समोर निघाली की अंडरकट येतो, म्हणजे साच्यात अडकणारी खाच तयार होते, आणि साचा सुटत नाही. म्हणून एका तुकड्यात ओतलेले बरेचसे "धावणारे" सैनिक बाजूने चपटे वाटतात: एक हात इकडे, एक तिकडे, बंदूक छातीवरून आडवी. समोरून पाहिलं की तो आवेश कुठेच दिसत नाही. कडक प्लास्टिकच्या पोलादी साच्यांना तर अंडरकट अजिबातच चालत नाही, म्हणून ते हात, डोकं, धड सुटं सुटं देतात. कुठलीही पोझ कॅटलॉगमध्ये आवडली की पॅटर्न पाहता तसं पाहा: हा माणूस असा उभा आहे तो लढण्यासाठी, की साच्यातून सुटण्यासाठी? तुमच्या नजरेला ते चटकन कळेल, आमच्यासारख्यांना वेळ लागतो.

यानंतर प्रश्न बेसचा, म्हणजे सैनिक ज्या तुकड्यावर चिकटवायचे त्याचा. तुम्ही माप लिहिलेलं नाही, पण २८ मिमीसाठी ४० मिमी चौरस बेसवर दोन रांगांत चार सैनिक, असे सहा बेस म्हणजे २४ जणांची पलटण, ही मांडणी चांगली जमते. प्रत्येक सैनिकाला रुंदीत २० मिमी आणि खोलीत २० मिमी. खांद्याला बंदूक लावलेला सैनिक यात सहज मावतो. धावणाऱ्याची ढांगच त्याहून लांब असते. मागच्याचा पुढचा पाय पुढच्याच्या मागच्या पायावर येतो. रोखलेली बंदूक तर आणखी अडचणीची. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जुन्या बंदुका ठेवल्या आहेत, त्या उभ्या धरल्या तर कुठवर येतील ते एकदा डोळ्यांनी मापून या. संगीन लावलेली पलटणी बंदूक जवळजवळ माणसाच्या उंचीची असायची. तीच सैनिकाने समोर रोखली की बेसच्या बाहेर बोटभर डोकावते, मागच्या रांगेतल्याने रोखली की पुढच्याच्या पाठीत शिरते. आणि खेळात दोन पलटणी भिडतात तेव्हा बेसला बेस टेकवावा लागतो. तुमच्या मित्राचे इंग्रज रोखलेल्या संगिनींचे असणार असं दिसतंय. दोन्ही बाजूंनी तसंच केलंत तर बेस भिडणार नाहीत आणि पहिल्या महिन्यात संगिनी मोडायला लागतील. एका बाजूच्या बंदुका उभ्या असल्या की हा प्रश्न आपोआप सुटतो.

ऑर्डर करण्याआधी पुठ्ठ्याचे ४० मिमीचे चौकोन कापा. तुमच्याकडच्या बारा सैनिकांपैकी चौघांना चिकट पुटीवर त्यावर उभं करून पाहा, शेजारी दुसरा चौकोन ठेवा, मागे तिसरा. पैसे खर्च होण्याआधी सगळं कळतं. गोंद मात्र रंगकाम संपल्यावरच.

गोळीबार करणारे सैनिक घ्यायचेच नाहीत का? घ्या, एका पलटणीपुरते. पण तिथे एक चूक सगळीकडे दिसते. चौघांच्या बेसवर एक नेम धरतोय, एक गज घालून बंदूक ठासतोय, एक काडतूस दाताने तोडतोय, एक नुसता बघतोय. छान विविधता वाटते, पण कवायती पायदळ असं लढत नव्हतं. एक टोळी एकदम फैर झाडायची आणि एकदम बंदुका भरायची. फैरींत खंड पडू नये म्हणून शेजारशेजारच्या टोळ्या आळीपाळीने झाडायच्या. टेबलावरचा एक सैनिक साधारण वीस-तीस माणसांच्या जागी उभा असतो, म्हणजे तुमचा एक बेस ही एक टोळी. तेव्हा पोझ बेसप्रमाणे बदला, सैनिकाप्रमाणे नको. एका बेसवरचे चौघे नेम धरलेले, शेजारच्या बेसवरचे चौघे बंदूक भरणारे, त्यापुढचे पुन्हा नेम धरलेले. पलटणीवरून फैर एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जातेय असं दिसतं. सगळ्या पोझमध्ये मला ही मांडणी सर्वांत देखणी वाटते, आणि ती खरीही आहे.

पांगून लढणाऱ्या हलक्या पायदळाचा नियम वेगळा. तिथे दोघांची जोडी असायची, एकाची बंदूक झाडून झाली की तो भरायचा आणि तेवढा वेळ दुसरा आपली भरलेली राखून ठेवायचा. म्हणून त्यांच्या लहान बेसवर एक नेम धरलेला आणि एक बंदूक भरणारा, हीच जोडी योग्य.

आता ज्या आवेशासाठी तुमचा जीव तुटतोय तो कुठे ठेवायचा, ते सांगते. तोफखान्यात ठेवा. असईचा खरा कहर तोफांनी केला. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि माणसं त्यांनी इतकी टिपली की वेलस्लीला तोफा मागे सोडून संगिनींवर पुढे यावं लागलं. शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफांपाशी शेवटपर्यंत राहिले. इंग्रजांची रांग त्यांच्या अंगावरून पुढे गेली तेव्हा काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि नंतर उठून त्यांनी तोफा इंग्रजांच्या पाठीवर वळवल्या. ही हकीकत इंग्रजांनीच लिहून ठेवलीय. तोफेपाशी पोझची श्रीमंतीही आहे: दांडक्याने नळी पुसणारा, गोळा आणणारा, बत्ती देणारा, चाकाला खांदा लावलेला. इथे प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून प्रत्येकाची पोझ वेगळी असणंच बरोबर. एक तोफ अशी करा, की चाकाशी दोघं आडवे पडलेत आणि तिसरा कोपरावर उठून मागे बघतोय. मृत सैनिकांच्या पाकिटातला एखादा आणि थोडी कापाकापी, एवढ्यात ते जमेल. तुमच्या टेबलापाशी येणारा माणूस या तोफेपाशी नक्की थांबेल आणि विचारेल. मग त्याला ही हकीकत सांगा.

पलटणीतही तीन-चार जागा हालचालीसाठी मोकळ्या असतात. मधल्या बेसवर निशाणवाला, नगारा किंवा ढोल वाजवणारा आणि तलवार उपसलेला अंमलदार. मागच्या रांगेच्या टोकाला एखादा हवालदार, हात पसरून रांग सरळ करणारा. एवढे चार जण हलते असले की उरलेल्या विसांचा ठामपणा जास्त उठून दिसतो.

कोल्हापुरात राहून दुसऱ्या काळाची फौज करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगते, कारण पन्हाळा आणि विशाळगड जवळ असल्याने पावनखिंडीचा विषय इथे हटकून निघतो. १६६०चे मावळे म्हणजे कंपू नव्हेत. तिथे ढाल, तलवार, भाला, पट्टा, आणि प्रत्येक माणूस आपल्या हत्याराला लागेल तेवढी जागा घेऊन लढणारा. त्यांच्या बाबतीत पुतण्याचं म्हणणं शंभर टक्के लागू: एकसारखे दोघे शेजारी नकोत. पण त्यांनाही एक दिशा हवी. खिंड अडवून धरणारे मावळे धावत सुटलेले दाखवू नका. त्यांना जागा सोडायची नव्हती. वजन मागच्या पायावर, ढाल पुढे, गुडघे वाकलेले, अशा पोझ शोधा. मिळत नसतील तर शिवजयंतीला मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं होतात तिथे फोन घेऊन उभे राहा आणि वस्तादांची परवानगी घेऊन बाजूने, समोरून, पाठीमागून फोटो काढा. भाल्याचा पवित्रा, पट्ट्याचा पवित्रा, वार झाल्यावर पाय कुठे पडतो, हे सगळं आपल्याकडे जिवंत आहे. इतर देशांतले खेळगडी त्यासाठी जुनी चित्रं धुंडाळत बसतात. या फोटोंवरून हात-पाय वाकवून पोझ सुधारता येते. धातूचा हात एकदा सावकाश वाकवा, पुन्हा पुन्हा मागेपुढे केलात तर तुटतो. मऊ प्लास्टिकचा सैनिक गरम पाण्यात धरून वाकवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा, म्हणजे तो तसाच राहतो. वाकड्या झालेल्या संगिनीही अशाच सरळ होतात.

बजेट कमी असलेल्यांसाठी १/७२ स्केलचे मऊ प्लास्टिकचे सैनिक हा चांगला रस्ता आहे. पण तिथे पोझची अडचण उलटी असते. एका खोक्यात चाळीस-पन्नास सैनिक आणि डझनभर पोझ, त्यात चालणारे मोजकेच, बाकी पडणारे, शरण येणारे, बंदुकीच्या दस्त्याने मारणारे. एकट्याने तीन खोकी घेण्यापेक्षा तिघांनी एक-एक घ्या आणि पोझ वाटून घ्या: एकाला सगळे चालणारे, दुसऱ्याला सगळे नेम धरणारे. रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंग धरत नाही. ६ मिमीच्या फौजा करणाऱ्यांनी पोझची चिंताच सोडावी. त्या मापात पलटणीचा आकारच काय तो दिसतो.

एक बारीक गोष्ट रंगकामाची. छातीवर आडवी बंदूक धरलेल्या सैनिकाचे पट्टे आणि गुंड्या रंगवायला ब्रश आत शिरत नाही. खांद्याला बंदूक लावलेल्याची छाती मोकळी असते. आणि एकाच पोझचे चोवीस जण समोर असले की हात सराईत होतो. आधी सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांचे पट्टे, मग सगळ्यांच्या बंदुका. शहाण्णव सैनिक पुरे करायचे असतील तर हा फायदा लहान नाही. पुष्कळ फौजा खोक्यात अर्धवट रंगवून पडलेल्या असतात, आणि त्यामागे बऱ्याचदा अवघड पोझ हेच कारण असतं.

तेव्हा माझी शिफारस अशी. तीन पलटणी खांद्याला बंदूक लावलेल्या. त्यातल्या दोन जागेवर उभ्या आणि एक चालणारी, कारण तोंड फिरवताना कोणीतरी चालायला हवंच. चौथी पलटण गोळीबाराची, वर सांगितल्याप्रमाणे बेसवार. दोन तोफा, त्यांचे गोलंदाज भरपूर. सगळं एकदम मागवू नका. कुरिअरचा खर्च दोनदा पडेल हे खरं, पण आधी एकच पलटण आणि एक तोफ मागवा, रंगवा, टेबलावर ठेवा, मग बाकीची ऑर्डर द्या. तोवर मित्रालाही विचारा की त्याच्या इंग्रजांत मद्रासी पलटणी किती आहेत. वेलस्लीच्या रांगेत ७४व्या आणि ७८व्या हायलँडर (स्कॉटिश) पलटणी टोकांना होत्या, पण मधलं बरंचसं पायदळ मद्रासचे देशी शिपाई होते, आणि त्यांनाही तीच शिस्त शोभते.

राहिले ते रंगवून झालेले बारा धावणारे. ते फेकू नका, पलटणीतही मिसळू नका. त्यांचे चौघा-चौघांचे तीन बेस करा, थोडे खोल, ४० बाय ५०. डाव्या-उजव्या बाजूला जागा कमी पडली तर एका बेसवर तिघेच ठेवा. तुमची एखादी पलटण प्रतिहल्ला करेल त्या पाळीपुरते तिचे पुढचे तीन बेस उचलून हे तीन ठेवा. पाळी संपली की पुन्हा बदला. बेसखाली पातळ लोहचुंबकाची पट्टी लावलीत आणि उद्यमनगरातून पत्र्याचा एखादा तुकडा आणून खोक्याच्या तळाला बसवलात, तर ने-आण करताना संगिनीही शाबूत राहतील.